मिलिंददाबरोबर पाहिलेली स्टेडियमं

किस्से कसे साठतात माहितीये? ठरवून नाही साठत. गॅरेजमध्ये रिकामी खोकी साठतात ना, तसे. "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून एक ठेवतो, मग दुसरं, आणि एक दिवस गाडी आत घालायला जागाच उरत नाही!

आमच्या तिघांचं तसंच झालंय. तिघं म्हणजे मी, अभिजीत आणि मिलिंददा. राहायला ओहायोतल्या डब्लिनमध्ये आणि वेड स्पॅनिश फुटबॉलचं. दर वर्षी जमेल तेव्हा आठवडाभर सुट्टी टाकायची आणि स्पेनमधलं एखादं स्टेडियम गाठायचं. लोक बीचवर जाऊन पडतात. आम्ही कुठल्यातरी गावात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसतो.

परवा एका पॉटलक जेवणाला अभिजीत म्हणाला, "शिल्पा, तो सेव्हियाचा किस्सा सांग ना यार." सांगितला. लोक हसले. मग पुढचा सांगितला, त्याच्या पुढचा सांगितला. मग लोक हसायचे थांबले. पण एकदा सुरू केल्यावर मला मध्येच थांबता येईना.

*

आमची ओळख झाली पोह्यांमुळे. मी तेव्हा इथे मास्टर्स करत होते. इंडियन ग्रोसरीच्या दुकानात डाळी बघत उभी होते, तर दुकानाच्या दुसऱ्या टोकाहून आवाज आला, "सुजाता! पोहे जाडे घेऊ का पातळ?"

आवाज कसला, रेल्वेचा भोंगा! सुजाता नावाची जी कोणी होती तिच्याकडून उत्तर आलं नाही. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "जाडे!"

पावलं वाजली. स्वेटपँट, वर स्पॅनिश क्लबची जर्सी आणि हातात पोह्यांची पिशवी घेतलेला एक उंच माणूस समोर येऊन उभा राहिला. "तुम्ही कोण?"

"शिल्पा. ठाण्याची."

"मी मिलिंद. नागपूर. बायको पार्किंगमध्ये फोनवर हाय." मग माझी नजर जर्सीवर आहे हे त्याला दिसलं. "पाहता का तुम्ही? मग शनिवारी या घरी. सकाळी मॅच हाय, पोहे हायेत. जाडेच हायेत!"

त्या शनिवारी त्याच्या बेसमेंटमध्ये अभिजीत भेटला. कोल्हापूरचा, युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारा, पेठेच्या फुटबॉल टीमसाठी कॉलेजात मारामाऱ्या केलेला. सुजातावहिनी पोहे देऊन लगेच वर निघाल्या. मी म्हटलं, "तुम्ही नाही बघत?"

"ह्यांच्या ओरडण्याने माझ्या छातीत धडधडतं गं," त्या म्हणाल्या. "मी वरूनच ऐकते. स्कोअर समजतो मला बरोबर!"

*

आमची पहिली वारी बार्सिलोनाची. सगळी व्यवस्था अभिजीतकडे. मेट्रोतून उतरून आम्ही ऐटीत चालत निघालो. गळ्यात स्कार्फ, खांद्यावर झेंडा. रस्त्यात बाकी कुणाच्याच गळ्यात स्कार्फ नाही, हे आधी माझ्या लक्षात आलं.

समोर स्टेडियम होतं खरं. पण त्याच्या डोक्यावर क्रेन उभ्या होत्या, आणि आतून ड्रिलचा आवाज येत होता. गेटवरच्या गार्डने आमच्याकडे बघितलं, आमच्या झेंड्याकडे बघितलं आणि शांतपणे दूरच्या टेकडीकडे बोट दाखवलं. दुरुस्ती चालू होती. मॅच तिकडच्या दुसऱ्या मैदानावर!

अभिजीतचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिकिटावर दुसऱ्या मैदानाचा पत्ता छापलेला होता, वाचला कुणीच नव्हता. मी काही बोलणार, तेवढ्यात मिलिंददाने त्याच्या खांद्यावर हात टाकला. पत्र्याच्या कुंपणाच्या फटीला डोळा लावून मिलिंददाने आत बघितलं.

"अबे, लोकं तयार स्टेडियम पाहून जातात," तो म्हणाला. "आपण गिलावा पाहिला! हाय कोणाकडे असा फोटो?"

टेकडी चढून पोचलो तेव्हा सेकंड हाफ सुरू झाला होता. मिलिंददाने पहिल्या हाफची कसर दुसऱ्या हाफमध्ये ओरडून भरून काढली.

*

सेव्हियात रस्त्यांच्या कडेने संत्र्याची झाडं आहेत. फळांनी लगडलेली. कुणी हात लावत नाही. नागपूरच्या माणसाला हे सहन होणं शक्यच नव्हतं. मिलिंददाने एक तोडलं, सोललं, अख्खी फोड तोंडात टाकली आणि तिथेच थांबला.

"काय झालं?"

"कडू हाय!" त्याने डोळे मिटले होते. "एवढी झाडं लावली, आणि कडू! यांना आमच्या काटोलले पाठवा ट्रेनिंगले!"

त्याच दिवशी मॅच सुटल्यावर अभिजीत हरवला. गर्दी अशी की पाय जमिनीला टेकत नव्हते. फोनला नेटवर्क नाही. मी घाबरले. मिलिंददा मात्र तिथल्या कारंज्याच्या कठड्यावर चढला.

इथे एक सांगायला हवं. कॉलेजात असताना तो दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर स्वयंसेवक असायचा. काम एकच. त्या अफाट गर्दीत हरवलेल्यांची नावं पुकारायची. माईक बंद पडला तरी त्याचं काम कधी थांबलं नाही, असं तिथे अजून सांगतात म्हणे.

तर तो कठड्यावर उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळ्या सेव्हियाला ऐकू जाईल असा पुकारा केला. "अभिजीत शिंदे, राहणार कोल्हापूर! आपण जिथे असाल तिथून कारंज्याजवळ यावे! आपली माणसं आपली वाट पाहत आहेत!"

स्पॅनिश लोकांना वाटलं नवीन गाणं आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

थोड्या वेळाने अभिजीत आला. त्याच्या मागोमाग एक मध्यमवयीन जोडपंही धापा टाकत आलं.

"काही झालंय का हो?" त्यातले काका म्हणाले. "आम्ही नाशिकचे!"

*

सेव्हियाहून परत आलो तेव्हा मिलिंददाचा गळा बसला होता. त्यात नवीन काहीच नव्हतं. दर ट्रिपनंतर बसायचा आणि थोड्या दिवसांनी उघडायचा. आम्ही त्याची नक्कल करून हसायचो. वहिनी हळद-दूध देत होत्या, ज्येष्ठमध देत होत्या. ह्या वेळी तो उघडलाच नाही.

मग नाकातून कॅमेरा घालून बघितलं. मग गाठ आहे म्हणाले. मग रेडिएशन. घसा भाजून निघाला, पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. गाठ थोडी लहान झाली आणि परत वाढली. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. श्वास मानेला केलेल्या भोकातून घ्यायचा. आवाज जाईल. कायमचा.

ऑपरेशनच्या आधी स्पीच थेरपिस्टने सुचवलं, स्वतःच्या आवाजात काही वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा. नंतर फोनचं बटण दाबलं की वाजतील. अभिजीत घरी माईक घेऊन आला. मी होते, वहिनी होत्या, मैत्रेयी होती. मैत्रेयी म्हणजे त्यांची मुलगी, तेव्हा हायस्कूलमध्ये. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता हा काहीतरी मोठं बोलणार. वहिनींनी तर पदराचं टोक आधीच हातात धरून ठेवलं होतं.

मिलिंददाने माईक जवळ ओढला. त्या फाटक्या, घोगऱ्या आवाजात त्याने पहिलं वाक्य रेकॉर्ड केलं.

"सुजाता, माझा चष्मा पाहिला का?"

मग दुसरं. "मैत्रेयी, खोलीतला लाइट बंद कर."

मग, "चहात साखर टाकली का नाही?" मग, "मैत्रेयी, उठ, बस चुकेल."

मैत्रेयीचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, "बाबा, प्लीज, से समथिंग नाइस."

मिलिंददाने तिच्याकडे बघितलं. त्याला खरंच कळेना ती काय म्हणतेय.

"बेटा," तो म्हणाला, "मी रोज हेच तर बोलतो."

*

शेजारी एक गोरे आजोबा राहायचे. एकटेच. मिलिंददाशी त्यांचं जुनं भांडण होतं. शनिवारी सकाळी गोल झाला की बेसमेंटमधून जो आवाज निघायचा तो भिंती भेदून त्यांच्या नाश्त्याच्या टेबलापर्यंत जायचा. एकदा तर त्यांनी घराच्या सोसायटीकडे रीतसर तक्रार केली होती. मिलिंददा त्यांना लांबूनच हात करायचा. ते मान फिरवायचे.

ऑपरेशननंतर मिलिंददाला एक यंत्र मिळालं. छोट्या टॉर्चसारखं. ते मानेला टेकवून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. मग भुणभुण करत एकाच सुरात शब्द बाहेर पडतात. चढ नाही, उतार नाही. "गोल" आणि "मीठ दे" दोन्ही सारखेच ऐकू येतात. पहिल्या मॅचला गोल झाला तेव्हा तो सवयीने उभा राहिला, दोन्ही हात वर, तोंड उघडं. आवाज नाही. आम्ही दोघं टीव्हीकडेच बघत राहिलो. वरून वहिनींचा आवाज आला, "काही झालं का रे?"

असे काही शनिवार गेले. एका शनिवारी ऐन मॅचमध्ये दारावर टकटक झाली. शेजारचे आजोबा! हातात टोपी. मी मनात म्हटलं, आता काय तक्रार करणार हे?

"एव्हरीथिंग ऑलराइट?" त्यांनी विचारलं. "शनिवारी हल्ली काहीच ऐकू येत नाही. मला वाटलं तुम्ही घर सोडून गेलात की काय."

मिलिंददा पुढे झाला. मानेवरचं फडकं जरा बाजूला केलं, यंत्र टेकवलं.

"सॉरी," ते यंत्र भुणभुणलं, "फॉर द सायलेन्स."

आजोबा बूट काढून आत आले आणि मॅच संपेपर्यंत आमच्याबरोबर बसले. नियम एकही माहीत नव्हता. पोहे मात्र दोनदा घेतले!

*

त्यानंतरच्या वसंतात मिलिंददा हट्टाने बिल्बाओला आला. डॉक्टर "जा" म्हणाले नव्हते आणि "जाऊ नका" असंही म्हणाले नव्हते. वहिनींनी मला बाजूला घेऊन मानेच्या भोकाची काळजी कशी घ्यायची ते शिकवलं. फडकं कधी बदलायचं, पाऊस आला तर काय करायचं.

पाऊस आलाच. बिल्बाओत येतोच म्हणे. पण आमची स्टँड छपराखाली होती. त्या मैदानावरची माणसं देवळात आल्यासारखी येतात. आजोबा, मुलगा, नातू, सगळे एकाच रांगेत. मिलिंददा सगळीकडे बघत होता. मधूनच माझा हात दाबत होता, बोटाने काहीतरी दाखवत होता.

मॅच सुरू व्हायच्या आधी घोषणा झाली. क्लबचा कुणी फार जुना खेळाडू त्या आठवड्यात वारला होता. दोन्ही टीम मैदानाच्या मधल्या वर्तुळात उभ्या राहिल्या. रेफरीने शिट्टी वाजवली आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं.

मी शांतता पुष्कळ ऐकली आहे, पण अशी नाही. एवढ्या माणसांनी एकदम गप्प होणं म्हणजे काय, ते सांगता येणार नाही. कुणी खोकलं नाही. छपरावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. आणि अजून एक आवाज होता, माझ्या अगदी शेजारी. मिलिंददाच्या मानेतून येणारा श्वासाचा आवाज. आत, बाहेर. आत, बाहेर. पुढच्या रांगेतल्या एका बाईने वळून बघितलं, तिला कळलं, आणि तिने मान खाली घातली.

शिट्टी झाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मिलिंददाने खिशातून फोन काढला, काहीतरी टाइप केलं आणि अभिजीतकडे दिला. अभिजीतने वाचलं, फोन माझ्याकडे दिला आणि तो स्कोअरबोर्डकडे बघायला लागला. मॅच सुरू व्हायची होती. स्कोअरबोर्डवर अजून काहीच नव्हतं.

फोनवर लिहिलं होतं, "आज अख्खं स्टेडियम माझ्या भाषेत बोललं."

*

बिल्बाओहून आल्यावर उन्हाळा बरा गेला. पानं गळायला लागली तसं दुखणं परत आलं, ह्या वेळी फुप्फुसात. डॉक्टरांनी आता काही करता येणार नाही म्हणून सांगितलं. घरी हॉस्पिसची नर्स यायला लागली. बेड बेसमेंटमध्येच लावला, टीव्हीसमोर. त्यानेच सांगितलं तसं.

आम्ही शनिवारी जायचोच. आता मैत्रेयीही खाली येऊन बसायची. मिलिंददाच्या हातात यंत्र धरण्याची ताकद उरली नव्हती. ते मैत्रेयी धरायची, त्याच्या मानेला टेकवून. तो ओठ हलवायचा, ती बटण दाबायची. बाप काय बोलणार ते तिला ओठांवरून आधीच कळायला लागलं होतं. आम्हाला काही समजलं नाही की तीच सांगायची, "बाबा सेज, उशी वर करा."

एकदा गोल झाला आणि रद्द झाला. अभिजीत चिडला. मैत्रेयी म्हणाली, "ओके, व्हॉट इज धिस ऑफसाइड? एव्हरी सॅटरडे यू गाइज डाय ओव्हर इट."

अभिजीत सांगायला गेला, पण मिलिंददाने बोट वर केलं. मी सांगतो.

ब्लँकेटवर त्याने गोळ्यांच्या बाटल्या मांडल्या. मॉर्फिनची मोठी बाटली गोलकीपर. मळमळीची आणि झोपेची, हे दोन डिफेंडर. कॅल्शियमची बाटली अटॅकर. पास द्यायच्या क्षणी कॅल्शियम कुठे होतं, झोपेच्या पुढे की मागे. सगळं त्याने बोटांनी हलवून दाखवलं. मध्ये दम लागला म्हणून थांबला. परत सुरू केलं. मैत्रेयी यंत्र बाजूला ठेवून बघत होती.

शेवटी तिला कळलं. "दॅट्स इट? यासाठी तुम्ही एवढं ओरडायचात?"

तिने यंत्र उचलून त्याच्या मानेला लावलं. तो हसत होता.

"हो," यंत्रातून आलं. "एवढंच."

त्या थंडीत तो गेला. सकाळी, बर्फ पडत असताना. अंत्यसंस्काराला विहारातले भंतेजी आले. आम्ही सगळ्यांनी पांढरे कपडे घातले होते. त्रिशरण, पंचशील झालं. शेजारचे आजोबा मागच्या रांगेत हात जोडून बसले होते, कुणी शिकवलं नसताना. घरी आलो आणि अभिजीत बेसमेंटमध्ये गेला. बराच वेळ वर आला नाही. मी बघायला गेले तर ऑफसाइडच्या बाटल्या तशाच मांडलेल्या होत्या, आता खिडकीच्या कट्ट्यावर, आणि तो त्यांच्यासमोर बसला होता.

*

आम्ही ठरवलं होतं, आता जायचं नाही. दोघांनी जाऊन काय करायचं? आणि एक दिवस वहिनींचा फोन आला.

"या वर्षी कुठे चाललाय तुम्ही?"

"कुठे नाही, वहिनी."

"वीगोचं राहिलंय असं ते म्हणायचे. समुद्राकाठी आहे म्हणे. माझं तिकीट काढा."

ह्या बाईने आयुष्यात एक अख्खी मॅच बघितली नव्हती. पण मैत्रेयी कॉलेजला गेली होती, घर रिकामं होतं. मी "का" म्हणून विचारलं नाही.

तिकिटं उशिरा काढली, त्यामुळे तीन सीट एकत्र मिळाल्या नाहीत. तिथे वर्षाची सीट घेतलेली माणसं येणार नसली की ती सीट तेवढ्या मॅचपुरती दुसऱ्याला मिळते. दोन एकत्र होत्या आणि एक एकटी, दोन रांगा पुढे. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही अभिजीतजवळ बसा. पण त्या आधीच पुढे गेल्या होत्या.

त्यांच्या शेजारी एक म्हातारी बाई होती. पांढरे केस नीट विंचरलेले, मनगटात पुरुषाचं मोठं घड्याळ, सैल पडलेलं. वहिनी बसल्या तशी तिने वळून त्यांच्याकडे बघितलं. काहीतरी विचारलं. वहिनींनी काहीतरी उत्तर दिलं.

आम्हाला मागून त्यांच्या पाठीच दिसत होत्या. मॅच सुरू झाली. अभिजीत म्हणाला, "बोअर होणार बघ त्या." पण थोड्या वेळाने बघतो तर दोघी बोलतायत. म्हातारी हातवारे करून काहीतरी सांगत होती, वहिनी मान डोलावत होत्या. मग वहिनी सांगायला लागल्या, आणि म्हातारी गालावर हात ठेवून ऐकायला लागली.

हाफटाइमला तिथे सगळे घरून आणलेलं खातात. म्हातारीने पिशवीतून फॉइलमध्ये गुंडाळलेली दोन सँडविच काढली. क्षणभर दोन्ही मांडीवर घेऊन बसली. मग एक वहिनींना दिलं. वहिनींनी नको म्हटलं नाही.

सेकंड हाफमध्ये गोल झाला. सगळी स्टँड उभी राहिली, मीही, अभिजीतही. समोरच्या माणसांच्या मधून मला खाली दोन डोकी दिसली. त्या दोघी उठल्या नव्हत्या. म्हातारीने वहिनींचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता, आणि दोघी बोलतच होत्या.

मॅच संपली. म्हातारीने वहिनींच्या दोन्ही गालांना गाल लावले, आपला स्कार्फ काढून त्यांच्या गळ्यात घातला आणि जिन्याने एक एक पायरी उतरत निघून गेली. वहिनी ती दिसेनाशी होईपर्यंत उभ्या होत्या.

बाहेर आलो. समुद्रावरून वारा येत होता. बसस्टॉपवर अभिजीतला राहवेना.

"वहिनी, एवढं काय बोलत होता तुम्ही?"

"ती तिच्या नवऱ्याबद्दल सांगत होती," वहिनी म्हणाल्या. "मी ह्यांच्याबद्दल सांगत होते."

"पण तुम्हाला स्पॅनिश कुठे येतं?"

बस आली. वहिनींनी गळ्यातला स्कार्फ नीट केला आणि पायरीवर पाय ठेवता ठेवता मागे वळून बघितलं.

"तिला तरी मराठी कुठे येत होतं!"